गाडी घरी ठेवून नाशिक: मुक्काम कुठे करायचा? एका कुटुंबाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जानेवारीतली गोष्ट. डोंबिवलीचं चौघांचं कुटुंब: 76 वर्षांच्या आजी, त्यांची मुलगी (तिला पुढे ताई म्हणतो), जावई आणि आठवीतली नात. बुधवारी सकाळी यायचं, शनिवारी संध्याकाळी परत जायचं, म्हणजे नाशिकमध्ये तीन रात्री. घरी गाडी आहे, पण ती आणायची नाही, हे ताईंनी मला पहिल्याच फोनवर सांगितलं. त्याला कारण होतं. आदल्या दिवाळीच्या सुट्टीत हे लोक गाडी घेऊन आले होते. पंचवटीत गाडी लावायला जागा मिळेना. दोन तास फिरून शेवटी जावई गाडीतच बसून राहिले आणि बाकीचे तिघं रामकुंडावर जाऊन आले. नाशिकला येऊन त्या माणसाने गोदावरी पाहिलीच नव्हती.

मी नाशिकचाच. बाहेरगावहून येणाऱ्यांना मुक्काम, प्रवास, दर्शन यांची आखणी करून देतो. या लेखात कुटुंबाची आणि लॉजची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बाकी जसं घडलं तसं लिहितो आहे, माझ्या चुकांसह, कारण गाडीशिवाय येणारी अशी कुटुंबं आता बरीच भेटतात आणि त्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने हेच असतात.

चौघांच्या मागण्या चार. आजींना पहाटे रामकुंड, संध्याकाळी गोदाआरती, काळारामाचं दर्शन जमेल तितक्या वेळा आणि एकदा त्र्यंबक. नातीला पांडवलेणी, कारण शाळेत सातवाहन शिकून झाले होते आणि आईच्या नावाने ओळखला जाणारा राजा तिला फार आवडला होता. ताईंना जुनं नाशिक पायी हिंडायचं होतं: भांडी बाजार, सराफ बाजार, दहीपूल, वाडे. जावई म्हणाले, "मला चार दिवस स्टिअरिंगला हात लावायचा नाही. एवढंच."

अडचण

नाशिक पहिल्यांदा पाहणाऱ्याला एक गोष्ट सांगावीच लागते. रेल्वे स्टेशन नाशिक रोडला आहे आणि जुनं नाशिक तिथून नऊ-दहा किलोमीटरवर. एसटीची मुख्य स्थानकं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक, परिसरात. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा हे सगळं नदीपलीकडे पंचवटीत. पांडवलेणी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुंबई महामार्गालगत, शहरापासून साधारण आठ किलोमीटर. त्र्यंबक जवळजवळ तीस किलोमीटर. म्हणजे तुम्ही कुठेही उतरलात तरी काहीतरी लांब पडणारच. काय लांब पडलेलं चालेल, एवढंच आपल्या हातात असतं.

शहरात फिरायला सिटीलिंकच्या बस आहेत. जुलै 2021 मध्ये महापालिकेने ही सेवा सुरू केली. त्याआधी शहर बससेवाही एसटीच चालवायची. पंचवटीतलं निमाणी हे या बसचं मोठं ठिकाण. शिवाय रिक्षा. तीही दोन प्रकारची: सीटवर चालणारी आणि स्पेशल. नाशिक रोडला उतरलात की "शालिमार, शालिमार" असा पुकारा ऐकू येतो (शालिमार म्हणजे जुन्या नाशिकजवळचा चौक), ती सीटची रिक्षा. माणशी पैसे, पण सामानासकट चौघं त्यात मावत नाहीत.

खरी अडचण आजींच्या गुडघ्यांची होती. ताईंनी नीट सांगितलं होतं: एका दमात दहा-बारा मिनिटं चालतात, मग पाच मिनिटं टेकावं लागतं. उतार चढापेक्षा जास्त त्रास देतो. दुपारी जेवणानंतर दोन तास आडवं झाल्याशिवाय संध्याकाळ निभत नाही. या शेवटच्या वाक्यावर मी थांबलो. गाडी बरोबर असली की म्हातारं माणूस मागच्या सीटवर डुलकी काढतं, सामान डिकीत राहतं, स्वेटर, औषधं, पाण्याची बाटली सगळं हाताशी असतं. गाडी नसली की हे सगळं काम मुक्कामाच्या खोलीला करावं लागतं. रात्री झोपायला खोली कुठेही चालते. दुपारी परत यायला चालत नाही.

पर्याय

कुटुंबाने स्वतः शोधलेला पहिला पर्याय पाथर्डी फाट्याच्या बाजूचं, महामार्गालगतचं हॉटेल होता. फोटो सुंदर, खोली मोठी, लिफ्ट, सकाळचा नाश्ता धरून 2,200 रुपये. पांडवलेणी अगदी जवळ. गाडीने येणाऱ्याला मी हीच जागा सुचवली असती. पण या चौघांना चार दिवसांत पांडवलेणीला एकदा जायचं होतं आणि रामकुंडावर किमान सहा वेळा. प्रत्येक वेळी स्पेशल रिक्षा करायची तर जाऊन-येऊन होणारा खर्च खोलीच्या भाड्यात रोज भर घालतो. दुपारी परत यायचं तर तो खर्च दुप्पट. आणि पहाटे पाच वाजता थंडीत महामार्गावर रिक्षाची वाट बघत आजींना उभं करायचं? ताईंना हे सांगितल्यावर त्यांनी तो विचार लगेच सोडला.

नाशिक रोडला स्टेशनजवळ राहणं हा पर्याय लोक फार पटकन बाद करतात. तो तितका वाईट नाही. मुंबईहून संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने येणारा माणूस रात्री उशिरा उतरतो. त्याने पहिली रात्र तिथेच काढावी, सकाळी मुक्तिधाम मंदिर बघावं आणि मग शहरात यावं. पण हे कुटुंब सकाळच्या तपोवन एक्सप्रेसने येणार होतं. दिवस हाताशी होता.

कॉलेज रोड, गंगापूर रोड हा भाग मला स्वतःला राहायला आवडतो. रुंद रस्ते, झाडं, खाण्याची चैन, कुसुमाग्रज स्मारक जवळ. तरुण जोडपी, द्राक्षमळे आणि गंगापूर धरणाकडे जाणारी मंडळी यांनी तिथेच राहावं. आजींच्या यादीतलं मात्र तिथे काहीही नव्हतं.

उरले दोन. एक सीबीएस-शालिमार परिसर, दुसरा पंचवटी.

सीबीएसच्या बाजूने बोलण्यासारखं खूप होतं. जुनं सीबीएस, मेळा आणि ठक्कर बाजार ही तिन्ही स्थानकं एकमेकांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. त्र्यंबकची एसटी तिथूनच सुटते, म्हणजे आजींना बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. मधल्या थांब्यावर चढणाऱ्याला ती खात्री नसते. ताईंचं जुनं नाशिक शालिमारवरून सुरू होतं. 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय तिथेच, मेन रोड तिथेच. उणीव एकच: रामकुंड दीड-दोन किलोमीटर. तुम्हा-आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं, आजींना अशक्य. प्रत्येक फेरीला रिक्षा.

पंचवटीत राहिलं तर त्र्यंबक आणि पांडवलेणी एकेकदाच जायची ठिकाणं असल्यामुळे रिक्षा एकदा-दोनदाच लागणार होती. रामकुंड, काळाराम, कपालेश्वर, सीतागुंफा सगळं चालत. आजींना दुपारी खोलीवर येता येणार, आणि महत्त्वाचं म्हणजे एकटीने येता येणार. बाकीचे तिघं फिरत असले तरी त्यांना कोणावर अवलंबून राहावं लागणार नव्हतं. हा विचार मला सगळ्यात मोलाचा वाटला, आजही वाटतो. म्हातारी माणसं सहलीला आली की बऱ्याचदा सामानासारखी इकडून तिकडे हलवली जातात. त्यांना स्वतःच्या पायांनी देवळात जाऊन, ओट्यावर बसून, मनात आलं की परत येता यावं.

निर्णय आणि त्यातली पहिली चूक

पंचवटी ठरली. मग पंचवटीत कुठे?

मी नकाशा उघडला आणि रामकुंडापासून सगळ्यात जवळचं लॉज निवडलं. घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत, कुंडापासून तीन मिनिटांवर, खोलीला 1,800 रुपये. फोन करून विचारलं: गरम पाणी किती वाजेपर्यंत, खुर्चीचा संडास आहे का, जास्तीची गादी मिळेल का. सगळ्याला होकार. मजला विचारला तर मालक म्हणाले, "दुसरा, पण पायऱ्या फार नाहीत." मी तेवढ्यावर समाधान मानलं. मी त्याच शहरात राहतो. दहा मिनिटं काढून जिना पाहून आलो असतो तर पुढचा दिवस वाचला असता.

दुसरी गोष्ट त्याहून ढोबळ. ते बुधवारी येणार हे मला माहीत होतं. बुधवारी गंगेवर बाजार भरतो हे नाशिकच्या पोरासोरांनाही माहीत असतं. (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत.

बुधवार

तपोवन फार उशीर न होता आली. मी स्टेशनवर गेलो होतो. सामान दोन मोठ्या बॅगा, एक पिशवी, आजींची एक वेगळी छोटी पिशवी ज्यात पूजेचं साहित्य. निमाणीची बस समोर उभी होती आणि बसायला जागाही होती, पण मी स्पेशल रिक्षा करून दिली, कारण निमाणीला उतरून परत दुसरं वाहन करावं लागलं असतं. हा निर्णय बरोबर होता. येण्याच्या आणि जाण्याच्या दिवशी, सामान असताना, दारापर्यंत वाहन करावं. काटकसर मधल्या दिवसांत करावी.

मी मागून दुचाकीवर होतो. पंचवटीतल्या मालेगाव स्टँडपाशी रिक्षा थांबली. खाली घाटाकडे जाणारा उतार माणसांनी भरलेला. मेथीच्या जुड्यांचे ढीग, ओल्या हरभऱ्याच्या पेंढ्या, बोरं, गाजरं, पुढे मसाल्याची पोती, दोरखंड, विळे-कोयते. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, इथूनच उतरा. आज बुधवार, खाली गाडी घुसायची नाही."

आजी उतरल्या. त्या उतारावरून खाली जाताना त्यांनी एक हात नातीच्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने साडीचा काठ वर धरला होता. दर दहा-पंधरा पावलांवर थांबत होत्या. थांबलं की हरभऱ्याकडे बघत, भाव विचारत. मला वाटलं त्यांना बाजार आवडतो आहे. नंतर ताईंनी सांगितलं, थांबायला कारण हवं म्हणून त्या भाव विचारत होत्या. शंभर-दीडशे मीटरला वीस मिनिटं लागली.

लॉजवर खोली बाराला मिळणार होती आणि तेव्हा अकरा वाजत होते. त्यांनी सामान ठेवून घेतलं, खाली बाकड्यावर बसायला दिलं. यात त्यांची चूक काही नाही; मीच वेळ आधी बोलून ठेवायला हवी होती. मग जिना. जुन्या वाड्याच्या लाकडी जिन्यासारखा अरुंद, पायरी टीचभर रुंद पण वीतभरापेक्षा उंच, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. पायऱ्या चौतीस. आजी चढल्या. बसून बसून चढल्या. वर गेल्यावर म्हणाल्या, "आता मला संध्याकाळपर्यंत खाली उतरवू नका गं."

तो दिवस तसाच गेला. संध्याकाळी आरतीचे सूर खोलीत ऐकू येत होते. आजींनी खिडकीतूनच हात जोडले. रामकुंड तीन मिनिटांवर होतं.

मुक्काम बदलायचा की नाही

गुरुवारी पहाटे ताईंचा फोन आला. गुडघा सुजला होता. आजी म्हणत होत्या, "मला इथेच राहू दे, तुम्ही जाऊन या." जावई म्हणत होते की गाडी करून घरी परत जाऊ. ताईंना दोन्ही नको होतं.

या सगळ्यातला कसोटीचा क्षण तो होता असं मी मानतो. तिघांचीही बाजू चुकीची नव्हती. लॉज सोडलं तर भरलेले पैसे जाणार. परत सामान बांधायचं, परत उतरायचं. अर्धा दिवस त्यात जाणार. आणि नवी जागा तशीच निघाली तर? दुसरीकडे, न बदलता राहिलं तर आजींची सहल त्या खोलीतच संपणार होती, आणि बाकीच्यांना त्यांना एकटं सोडून फिरताना गोड लागलं नसतं.

मी सुचवलं की आधी मी बघून येतो, मग ठरवू. या वेळी फोन केला नाही. स्वतः गेलो. पंचवटी कारंजाच्या आसपास चार ठिकाणं पाहिली आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट केली: रस्त्यावर जिथे रिक्षा थांबेल तिथून खोलीच्या पलंगापर्यंत चालत गेलो आणि वाटेतल्या पायऱ्या मोजल्या. पहिल्या ठिकाणी लिफ्ट होती, पण लिफ्टपर्यंत पोचायला सात पायऱ्या. दुसरीकडे खोली तळमजल्यावर, पण खिडकी रस्त्यावरच उघडणारी आणि रात्रभर वाहनं. तिसरं भक्तनिवास, स्वच्छ आणि स्वस्त, पण रात्री दार लवकर बंद होतं आणि पहाटेच्या वेळी कुलूप काढायला कोणाला तरी उठवावं लागतं. चौथं साधं हॉटेल, 2,400 रुपये, दारात तीन पायऱ्या आणि त्याला धरायला लोखंडी दांडा, लिफ्ट, मागच्या बाजूची खोली, खाली जेवणाची सोय.

तिथून काळाराम मंदिरापर्यंत मी आजींच्या चालीने चालून पाहिलं, म्हणजे मुद्दाम हळू. बारा मिनिटं. रस्ता बराचसा सपाट, मधे दोन ठिकाणी टेकायला ओटे. रामकुंड मात्र लांब पडत होतं आणि शेवटी उतार होताच. म्हणजे काळाराम चालत, रामकुंड रिक्षाने. ही अदलाबदल करावी का, हे मी ताईंना विचारलं. त्यांनी फोन आजींकडे दिला. आजी म्हणाल्या, "रामाला चालत जाता येतंय ना? मग गंगेवर दोनदा नेलंत तरी पुरे."

म्हणजे त्यांच्या मनात रामकुंडापेक्षा काळाराम आधी होता. हे मी पहिल्या दिवशी विचारलं नव्हतं. यादीतलं काय महत्त्वाचं, हे मी परस्पर ठरवलं होतं. रामकुंड प्रसिद्ध, म्हणून तेच मधोमध धरून खोली शोधली.

लॉजच्या मालकांनी समजून घेतलं. उरलेल्या दोन रात्रींपैकी एका रात्रीचे पैसे परत दिले. बोलताना आवाज न चढवल्याचा उपयोग झाला असावा. सकाळी अकराला सामान हललं. बाजार उठलेला असल्यामुळे आज रिक्षा गल्लीच्या तोंडापर्यंत आली.

पुढचे दिवस

गुरुवारी दुपारी सगळे झोपले. चारला आजी आणि नात चालत काळारामाला गेल्या. आजींनी काळ्या पाषाणातली ती मूर्ती डोळे भरून पाहिली, मग सभामंडपात बसून राहिल्या. नातीने दारापाशी 1930 च्या सत्याग्रहाबद्दल विचारलं आणि आजींनी तिला, बाबासाहेबांनी या देवळाच्या प्रवेशासाठी 2 मार्चला सत्याग्रह कसा सुरू केला, ते जमेल तसं सांगितलं. ताई-जावई तेव्हा नदीपलीकडे भांडी बाजारात होते. दोघींची काळजी करायची गरज नव्हती; हरवण्यासारखी वाट नव्हती आणि दमल्या तर खोली जवळ होती. संध्याकाळी रिक्षाने चौघं रामकुंडावर, आरतीला. रिक्षावाल्याने थेट कुंडाजवळ सोडलं, आणि तोच तासाभराने घ्यायला आला. चांगला रिक्षावाला मिळाला तर त्याचा नंबर घेऊन ठेवावा. गाडीशिवायच्या सहलीत त्याची किंमत हॉटेलइतकीच असते.

शुक्रवारी त्र्यंबक. सोमवार आणि शनिवार-रविवारची गर्दी टाळून हा दिवस आधीच धरला होता. सकाळी लवकर रिक्षाने सीबीएस परिसर. गाडी कुठल्या स्थानकातून आणि कुठल्या फलाटावरून, हे जावई आदल्या संध्याकाळी प्रत्यक्ष विचारून आले होते. तीन स्थानकं जवळजवळ असली की सामान आणि म्हातारं माणूस घेऊन एकातून दुसऱ्यात धावण्याची वेळ येते, ती यामुळे टळली. पहिल्या थांब्यावर चढल्यामुळे चौघांना जागा मिळाली. तिकिटाचा हिशेब सांगण्यासारखा आहे: एसटीत 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट. आजींचं काही नाही, ताई आणि नात अर्धं-अर्धं, जावयांचं पूर्ण. चौघांचे मिळून दोन तिकिटांचे पैसे. आधार कार्ड मात्र जवळ हवं. आजींनी ते पूजेच्या पिशवीत ठेवलं होतं आणि वाहकाने मागायच्या आत पुढे केलं.

परत यायला दुपारचे तीन वाजले. त्या दिवशी आजी खोलीतून पुन्हा बाहेर पडल्या नाहीत आणि कोणी आग्रहही केला नाही. खालून वरण-भात खोलीवर आला. बाकीचे तिघं रविवार कारंजाकडे पायी गेले, नातीने उलटा वडापाव खाल्ला.

शनिवारी सकाळी दोन गट झाले. जावई आणि नात पाथर्डी फाट्याकडे जाणाऱ्या शहर बसने पांडवलेणीला. पायथ्यापासून डोंगरावर पायऱ्यांची चढण आहे, आजींना तिथे न्यायचा प्रश्नच नव्हता, आणि मुक्काम असा होता की त्यांना न नेल्याने त्यांचं काही बिघडत नव्हतं. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाचं वर्णन आईने कोरून ठेवलं आहे. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो हा राजा. नात त्या अक्षरांसमोर अर्धा तास उभी होती असं जावई सांगत होते. ते स्वतः वरून दिसणारं शहर बघत बसले. घाई नव्हती, खाली लावलेल्या गाडीची काळजी नव्हती.

त्याच वेळात आजी आणि ताई काळारामाला पुन्हा जाऊन आल्या.

निष्पत्ती

खर्चाचं बघितलं तर एका रात्रीचे 1,800 रुपये वाया गेले आणि नवी खोली रोज 600 रुपयांनी महाग पडली. ही चूक माझी, म्हणून माझं नियोजनाचं मानधन मी घेतलं नाही. आजींचा एक पूर्ण दिवस गेला, तो मात्र कशानेही भरून निघण्यासारखा नव्हता. चार दिवसांच्या सहलीत एक दिवस खूप असतो.

रामकुंडावर पहाटे जायचं राहिलं ते राहिलंच. शुक्रवारी त्र्यंबकची गाडी, शनिवारी आजींनाच थंडीत उठवेना. त्र्यंबकला कुशावर्त कुंडावर त्यांनी डोळ्यांना पाणी लावलं आणि गंगा तिथेच भेटली असं मानलं.

जावयांना गोदावरी दिसली. गुरुवारच्या आरतीनंतर ते नारोशंकराच्या देवळाजवळ पायरीवर बराच वेळ बसून होते.

आज पुन्हा ठरवायचं झालं तर

पहिल्याच फोनवर मी ठिकाणांची यादी न घेता, सगळ्यात कमी चालू शकणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारीन: रोज जावंसं वाटतं असं ठिकाण कुठलं? खोली त्या ठिकाणापाशी शोधायची. एकदाच जायच्या जागा कितीही लांब असोत, त्यांना बस आहे, रिक्षा आहे.

नकाशावरचं अंतर मी आता शेवटी बघतो. आधी वाहन कुठपर्यंत येतं ते बघतो, आणि तेही वार धरून. बुधवारी गंगेवर बाजार, एकादशीला आणि सोमवारी देवळांभोवती गर्दी, सणाला बंद रस्ते. पंचवटीत "रामकुंडापासून तीन मिनिटं" हे वाक्य वारावर अवलंबून असतं. सिंहस्थात तर ही सगळी गणितं नव्याने मांडावी लागतील, कारण वाहनंच बाहेर थांबवली जातात आणि आत राहणाऱ्याला सामानासह चालावं लागतं.

एक गोष्ट मला अजून नीट ठरवता आलेली नाही. पहिली रात्र सीबीएसजवळ आणि पुढच्या दोन पंचवटीत, अशी विभागणी केली असती तर? त्र्यंबक दुसऱ्याच दिवशी उरकलं असतं, तेही स्थानकापर्यंत रिक्षा न करता. पण सामान दोनदा हलवावं लागलं असतं. तरुणांना मी ही विभागणी सुचवेन. आजींच्या वयाच्या माणसाला, खोलीत आपल्या वस्तू एकदा मांडल्या की त्या उचलायच्या नसतात. हे मी त्यांच्या त्या छोट्या पिशवीवरून शिकलो; नव्या खोलीत गेल्या गेल्या त्यांनी देव काढून कपाटावर मांडले आणि मगच पाणी प्यायल्या.

निघायच्या दिवसाचा विचार मात्र या वेळी आपोआप जमून आला. खोली बाराला सोडायची आणि परतीची तपोवन संध्याकाळची. हॉटेलने सामान खाली ठेवून घेतलं आणि आजींना स्वागतकक्षातल्या सोफ्यावर दुपारभर पडू दिलं. हे मी आधी विचारलेलं नव्हतं. आता खोली पक्की करतानाच दोन्ही टोकं विचारतो: सकाळी दहाला आलो तर बसवाल का, आणि दुपारी बारानंतर सामान व म्हातारं माणूस ठेवाल का.

परवा आजींचा फोन आला होता. चैत्रात कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो, तो बघायचा आहे म्हणाल्या. त्या दिवशी रथाच्या वाटेवर रिक्षा येणार नाही, म्हणून दोन दिवस आधी यायचं आणि रथानंतर एक दिवस थांबून निघायचं, एवढं ठरलं आहे. खोली तीच घ्यायची की रथ दिसेल अशी दुसरी, ते अजून ठरायचं आहे. रविवारी सकाळी दोन ठिकाणी जाऊन पायऱ्या मोजून येतो आणि मग त्यांना कळवतो.